शेवगा आणि शेव

विष्णुपंतांनी कुळगावच्या मागे दहा गुंठ्यांत कोंबड्या पाळल्या, तेव्हा लोकांनी तोंडात बोटंच घातली. हा माणूस स्वतः अंडं खात नाही, अंड्याचा वासही त्याला सोसत नाही! पण एकदा मनात घेतलं की घेतलं. अंबरनाथ एमआयडीसीत अख्खा जन्म रसायनं तपासण्यात गेलेला हा गृहस्थ. त्यांनी 'माल बरोबर आहे' म्हटलं की मालकसुद्धा पुन्हा विचारत नसे. आता कोंबड्यांना औषध नाही, इंजेक्शन नाही, विकतचं खाद्य नाही. नाचणी, तांदळाची कणी, शेवग्याचा पाला आणि दिवसभर मोकळं रान. अस्सल सेंद्रिय!

आणि अंडी काय निघाली म्हणता! बलक केशरी, अगदी जर्द. जवळच्या कॉम्प्लेक्समधल्या हिमानीने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि दारात रांग लागली. "काका, याला म्हणतात ऑरगॅनिक!" विष्णुपंत मान डोलवत, "शेवग्याची किमया," म्हणत, आणि मग पाल्यातली सगळी जीवनसत्त्वं ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे.

एका दुपारी कोंबड्या दिसेनात. विष्णुपंत कुंपणातून वाकून बघतात तर काय, सगळी पलटण शेजारच्या रखमाबाईंच्या अंगणात, त्यांच्या कोंबड्यांच्या पंगतीला! समोर लालभडक मिरची शेवेचा ढीग. रखमाबाईंचा मुलगा उल्हासनगरला फरसाणाच्या कारखान्यात कामाला. तिथला तुटकाफुटका चुरा पोत्याने घरी येई.

"अहो, या इथे कधीपासून येतात?"

"रोजच येतान की," रखमाबाई म्हणाल्या. "दारी आलेल्याला हाकलू कशी, काका?"

विष्णुपंतांनी कुंपणातून हात घालून चिमूटभर शेव उचलली, चोळली; बोटं केशरी झाली. म्हणजे किमया सगळी तिखटाची! शेवग्याकडे कोंबड्या ढुंकूनही बघत नव्हत्या, आणि हे महिनोन्महिने व्याख्यानं झोडत होते. लाजेने त्यांची कानशिलं तापली.

"गप्प बसा," घरी बायकोने, नीलिमाताईंनी बजावलं. "लोक खूश आहेत ना? मग कशाला उकरून काढता?"

"लोक माझ्या शब्दावर अंडी नेतात, नीलिमा. तोच खोटा निघाला तर माझ्याकडे राहिलं काय?"

दुसऱ्या दिवशी कुंपणाला जाळी लागली. कोंबड्यांनी कालवा केला, उपोषण केलं, शेवटी नाइलाजाने नाचणी खाल्ली. थोड्याच दिवसांत बलक झाला फिका, पिवळट. आता कुठे अंडं खरंखुरं सेंद्रिय झालं होतं, आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. "काका, फीड चालू केलं का हो?" बघता बघता रांग शेजारच्या दारी सरकली.

एका रविवारी हिमानी रखमाबाईंकडचं अंडं वाटीत फोडूनच घेऊन आली. मागे दोघी-तिघी मैत्रिणी आणि टोपली घेतलेल्या रखमाबाई.

"काका, यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुम्ही हो म्हणालात तर कायम यांच्याकडूनच घेऊ. हे खरं ऑरगॅनिक आहे ना?"

विष्णुपंतांनी केशरी बलकाकडे पाहिलं. दारातून नीलिमाताई डोळ्यांनीच 'नको, नको' करत होत्या.

"तो रंग मिरची शेवेचा आहे," ते म्हणाले. "यांच्या कोंबड्या शेव खातात. माझ्याही खात होत्या. शेवग्याचं मी सांगितलं ते चूक. नकळत घडलेली, पण चूकच."

हिमानीचा चेहरा पडला. तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

"काका, धंद्यात कमीजास्त व्हायचंच. पण म्हणून गरीब बाईच्या पोटावर पाय? तुमच्याकडून नव्हती ही अपेक्षा."

"अगं, त्यांनाच विचार ना!"

"घालते की शेव," रखमाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"पाहिलंत?" हिमानी मैत्रिणींकडे वळली. "किती घाबरून आहे बिचारी यांना!" आणि तिने अख्खी टोपली विकत घेतली.