नशामुक्तीचा फ्लेक्स

साक्षीची नाडी मिनिटाला एकशे बत्तीस होती. मृणालीने दोनदा मोजली. दहावीतल्या या धाकट्या बहिणीने ‘अभ्यासाची गोळी’ इन्स्टाग्रामच्या एका खात्यावरून मागवली होती. डॉक्टरांमुळे ती सावरली, पण बाबांनी बजावलं, “पोलिसांत पोरीचं नाव जाता कामा नये.”

म्हणून रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली मृणाली त्या खात्याचे स्क्रीनशॉट घेऊन गावच्या ग्रामसुधार समितीकडे गेली. तक्रार समितीने करायची, म्हणजे साक्षीचं नाव येणार नाही. अध्यक्ष भागोजीकाका म्हणाले, “तू घोर लावून घेऊ नको. आमी हाय ना!”

चार दिवसांनी किहीमच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेले भागोजी, भोवती अकरा शुभेच्छुक, आणि खाली ‘या खात्यापासून मुलांना वाचवा’ असं लिहून खात्याचं पूर्ण नाव आणि हातभर क्यूआर कोड.

“काका, कोड कशाला?”

“लोकांना कळाया नको, कुणापासून सावध ऱ्हायाचं? स्कॅन केला का थेट दिसतंय!”

“आणि तक्रार?”

“आधी जागृती, पोरी.”

सकाळी त्या खात्याचे एकसष्ट फॉलोअर होते. शाळा सुटल्यावर दोनशे चाळीस झाले. विक्रेत्याने फ्लेक्सचा फोटो टाकून लिहिलं, ‘समितीचे आभार.’ भागोजींनी तो आपल्या स्टेटसला ठेवला. आभार कोणाचेही असोत, ते नाकारत नसत.

मृणालीने घरातली कात्री आणली आणि भर थांब्यावर कोड आणि नाव, दोन्ही कापून काढलं. सुरी आपल्या गळ्यावरून फिरावी तसे भागोजी ओरडले. गोळ्यांसाठी चार दिवसांत न सुचलेला पोलिसांचा नंबर त्यांनी फ्लेक्ससाठी एका मिनिटात लावला.

आरडाओरडा ऐकून बाबा आणि साक्षी थांब्यावर धावले. पाठोपाठ हवालदार आले. “कापलंस कशाला?”

मृणालीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नाव न घेता काय सांगायचं, ती वाक्य जुळवू लागली.

“मी सांगते,” साक्षी पुढे झाली. “त्या खात्यावरून गोळी मी घेतली. आज माझ्या वर्गातल्या सहा जणांनी मागवलीय. उद्या येणार आहे.”

बाबा पुढे येऊन साक्षीशेजारी उभे राहिले. हवालदारांनी वही उघडली. “पूर्ण नाव सांग, बाळ.”

“सायेब,” भागोजी मध्येच घुसले, “आधी फ्लेक्सचं लिवा की!”