डावीकडे ओढणारी ट्रॉली

मित्रांनो, मी गोडाची ट्रॉली आहे, जुनी आणि जराशी वाकडी. आणि माझं गाऱ्हाणं मी आधीच सांगून टाकते, कारण धीर धरणं मला कधी जमलंच नाही. मागचं सबंध वर्ष माझी चारही चाकं लांब लांब स्क्रूंनी लाकडी जमिनीला आवळून ठेवली होती. चाकं असून जागचं हलायचं नाही! तुम्हाला वर्गात हाताची घडी घालून बसवतात ना, तशी माझी गत झाली होती. तुमची निदान सुटीची घंटा तरी होते.

माझा जन्म इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या एका सुतारखान्यातला. अक्रोडाचं लाकूड, दोन कप्पे, वरच्या कप्प्याला पितळी कठडा आणि ढकलायला पितळी दांडी. दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं लोटली होती, पण साखरेवरचं रेशन तेव्हा कुठे उठलं होतं. सारा देश गोडासाठी नुसता आसुसला होता. अशा वेळी होरेस क्रॅबट्री नावाच्या गृहस्थांनी टाउन हॉलमागच्या गल्लीत, तंबाखूच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आपलं रेस्टॉरंट थाटलं आणि मला विकत घेतलं.

मला जिन्यावरून वर नेताना ते हमालांना ओरडून सांगत होते, "जपून रे बाबांनो! खुर्च्या आपटल्यात तरी चालेल, हिला धक्का लावू नका!" हमालांनी "हो हो" म्हणत मला नेमकं शेवटच्या पायरीवर आपटलं. डावीकडचं पुढचं चाक तुटलं. क्रॅबट्रीसाहेब पैशाला भारी घट्ट. त्यांनी बहिणीच्या जुन्या बाबागाडीचं चाक काढून मला बसवलं.

"साहेब, हे जरा लहान वाटतंय," सुतार म्हणाला.

"चाक ते चाक. गोल आहे ना? मग झालं तर."

त्या लहान चाकानं माझा स्वभावच ठरवून टाकला. सरळ ढकललं तरी मी डावीकडे ओढणार. त्यात त्या जुन्या इमारतीची जमीन खिडकीच्या बाजूला उतरती. पहिल्याच दिवशी मी केक-कस्टर्डच्या थरांचं ट्रायफल, सफरचंदाचा ॲपल पाय आणि क्रीमचा जग घेऊन कुणाला न विचारता खिडकीकडे निघाले.

"अगं ए भवाने, कुठे निघालीस?" असा आवाज आला आणि माझ्या डाव्या अंगाला कमरेचा एक सणसणीत धक्का बसला. मी सरळ झाले. विनिफ्रेड ओल्डरॉइडशी माझी ओळख झाली ती अशी.

सगळे तिला विनी म्हणत. इथे वाढायला लागण्याआधी ती लोकरीच्या गिरणीत होती. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. काळा पोशाख, पांढरा स्टार्चचा एप्रन, आणि तोंडात जीभ म्हणावी की कात्री! माझी खोड तिनं क्रॅबट्रीसाहेबांना दुरुस्त करू दिली नाही असं नाही. त्यांनी दुरुस्त करायचं नावच काढलं नाही. मग विनीनं आपली चालच बदलली. दोन पावलं टाकायची आणि कमरेनं मला हळूच उजवीकडे लोटायचं. पुढे पुढे तिला ही सवय इतकी जडली की बसस्टॉपवर जातानाही ती तशीच कंबर उडवत चालायची. तिचा नवरा विल्फ म्हणायचा, "चर्चमध्येसुद्धा ही ट्रॉली ढकलतच येते."

शनिवारची दुपार म्हणजे माझा सण. खरेदी आटोपलेल्या बायका टोप्या सावरत जिना चढायच्या. लोकरीचे व्यापारी यायचे. आधी भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही असं जड जेवण व्हायचं आणि मग सगळ्यांचे कान माझ्या चाकांकडे लागायचे. गोडाची यादी कुठे लिहिलेली नसायची. मी जवळ आले की डोळ्यांनी बघायचं आणि बोट दाखवायचं. मर्गट्रॉइड नावाचा एक मोठा व्यापारी होता. लोकरीच्या एका गाठीसाठी तासन्‌तास घासाघीस करणारा हा माणूस माझ्यासमोर पाघळायचा.

"विनी, ॲपल पाय आणि ट्रायफल, दोन्हीतलं थोडं थोडं चालेल का गं?"

"थोडं थोडं म्हणजे दोन्हीतलं पूर्ण पूर्ण, असंच ना?"

"हळू बोल. बायकोला कळायला नको."

"त्या समोरच बसल्यात, मिस्टर मर्गट्रॉइड."

बायकांची तऱ्हा वेगळी. त्या आधी हात वर करून म्हणायच्या, "नको बाई, मला नको. पोट अगदी भरलंय." नवखी पोरगी असती तर मला पुढे घेऊन गेली असती. विनी मला त्या टेबलाजवळ आणखी वीतभर सरकवायची, आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहायची, जशी काही टाउन हॉलचं घड्याळ दुरुस्त करायची जबाबदारी तिच्यावरच आहे. मग मागून हळूच आवाज यायचा, "बरं, अगदी थोडंसं वाढ." विनी वाढायची ते काही थोडंसं नसायचं. ॲपल पायवर चीजचा जाडजूड तुकडाही ठेवायची, कारण चीजशिवाय ॲपल पाय खाणारा माणूस तिच्या मते ब्रॅडफर्डचा नव्हेच.

कोळसा खाणकामगारांच्या संपात वीज जायची तो हिवाळाही मला आठवतो. इंग्लंडात हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो. विनीनं माझ्या वरच्या कप्प्यात मेणबत्त्या लावल्या आणि टेबलाटेबलाला उजेड वाटत मला फिरवलं. त्या दिवशी मी डावीकडे जरासुद्धा ओढ घेतली नाही. मेणबत्ती पडली असती तर? मलाही वेळप्रसंग कळतो, मित्रांनो.

रोज काम आटोपलं की विनी माझं पितळ पुसायची, लहान चाकाखाली लाकडाची एक पाचर सारायची आणि म्हणायची, "थांब हं, आलेच मी." आणि सकाळी यायची.

मग दिवस पालटले. गावाबाहेर मोठमोठे मॉल झाले. शहराच्या मधल्या गल्ल्या ओस पडल्या. लोक उभ्याउभ्या कागदात गुंडाळलेलं खाऊ लागले. क्रॅबट्रीसाहेब थकले होते. एका मार्च महिन्यात त्यांनी रेस्टॉरंट बंद केलं. शेवटच्या दिवशी विनीनं माझं पितळ जरा जास्तच वेळ पुसलं. पाचर सारली. "थांब हं, आलेच मी," म्हणाली. आणि आली नाही.

मी किती वाट पाहिली म्हणून सांगू! लिलावात मला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं आणि माझ्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. कुंड्यांना कुठे जायचं नव्हतं. मग त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. तिथे रंगाचे डबे, फाटकी छत्री आणि मी. मोटार बाहेर जायची, यायची, पुन्हा जायची. मला तिचा इतका हेवा वाटायचा की काय सांगू.

आणि एके दिवशी मला उचलून चक्क त्याच गल्लीत, त्याच जिन्यावरून वर नेलं! क्रॅबट्रीसाहेबांच्या जागेत जुन्या काळच्या थाटाचा पब निघाला होता. नावही तेच, ‘क्रॅबट्रीज’. जुन्या वस्तूंसाठी जाहिरात दिली होती, ती वाचून डॉक्टरीणबाईंनी मला विकलं होतं. भिंतीवर जुन्या सुटकेस, कपाटावर शिवणयंत्रं, जुने टाइपरायटर. मी म्हटलं, आता विनी येणार.

पण पहिल्याच आठवड्यात दोन पोरांनी आपल्या धाकट्या भावाला माझ्या खालच्या कप्प्यात बसवलं आणि दिलं ढकलून. उतार ओळखीचा, चाक लहान. मी थेट खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन धडकले. बिअरचे ग्लास फुटले, पोरगं मात्र खिदळत होतं. पबची मॅनेजर केली ही तिशीची, सतत धावपळीत असलेली बाई. तिनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चाकांना पट्ट्या लावून त्या स्क्रूनं जमिनीत पक्क्या केल्या. वर शोभेला म्हणून प्लास्टरचं ट्रायफल ठेवलं. एका चिमुरडीनं ते चाटून पाहिलं आणि भोकाड पसरलं. मलाही तसंच रडावंसं वाटलं. आजूबाजूला लोक जेवत होते, हसत होते, "जुन्या काळची मजाच और," असं माझ्याकडे बघून म्हणत होते, आणि माझी चाकं आतल्या आत वळवळत होती.

मग मागच्या महिन्यातला तो शनिवार उजाडला.

जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, काठी, एक पाऊल, आणि मग कंबर उडाल्यासारखा एक झोका. तो झोका मी ओळखला. माणूस दिसायच्या आधी ओळखला.

विनी आता पार वाळली होती. वर्षापूर्वी घरात पडली, तेव्हापासून बाहेर पडलीच नव्हती. त्या दिवशी वाढदिवस म्हणून तिची लेक ग्लेनिस तिला जुन्या जागी जेवायला घेऊन आली होती. ग्लेनिसचा एक हात आईच्या दंडाला आणि तोंडी एकच शब्द.

"बस, आई. इथे बस. उठू नकोस. काय हवंय ते मी आणते."

विनीची नजर माझ्यावर पडली. ती काठी तिथेच टाकून उठली, टेबलांना धरत धरत आली आणि दांडी पकडून कमरेनं मला उजवीकडे लोटलं. मी हलले नाही.

"आजी, हात नका लावू हं," केली धावत आली. "ती फक्त शोभेची आहे."

"शोभेची? ही?" विनीचा तो गिरणीतला आवाज अजून शाबूत होता. सगळा पब वळून बघायला लागला. "हिला कुणी खिळलं गं?"

"मीच. काय करणार? धावत सुटते आणि जाऊन आदळते."

"डावीकडे ना?"

केली चमकली. "तुम्हाला कसं माहीत?"

"अगं पोरी, माझा अर्धा जन्म हिच्याशी भांडण्यात गेला. चाकाखाली लाकडाची पाचर सारायची, की ही गरीब गाय."

"आई, बस ना गं," ग्लेनिस काकुळतीला आली. "पुन्हा पडशील."

"बसलेच आहे की! वर्षभर बसलेच आहे. तू मला खुर्चीला आवळलंस आणि हिला यांनी जमिनीला. दोघींची काळजीच सगळ्यांना!"

ग्लेनिसचा चेहरा उतरला. ती आईवर जीव टाकणारी लेक होती, म्हणूनच तिला ते लागलं. विनी मात्र दांडी सोडायला तयार नव्हती. केलीनं एकदा तिच्या त्या हातांकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि बारवरच्या माणसाला हाक मारली, "स्क्रूड्रायव्हर आण रे. आजी, एकच फेरी. आणि पडलात तर नोकरी जाईल माझी."

ती स्वतः गुडघ्यांवर बसली आणि एकेक स्क्रू काढला. मी वर्षभर याच क्षणासाठी तडफडत होते. पण विनीनं आपला सगळा भार माझ्या दांडीवर टाकला तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदाच चालायची भीती वाटली. पूर्वी तीच मला सांभाळत होती. आता माझ्या डावीकडच्या ओढीनं तिचा तोल गेला असता, तर ती परत त्या खुर्चीत गेली असती आणि मी परत स्क्रूखाली.

केलीनं प्लास्टरचं ट्रायफल कठड्यापाशी सारून गरम टॉफी पुडिंग आणि कस्टर्डचा जग माझ्यावर ठेवला. विनीनं एक पाऊल टाकलं. चाकं कुरकुरली. मी डावीकडे ओढ घेतली, काय करू, चाकच तसं! विनीच्या कमरेचा धक्का बसला, अगदी हलका, पण बरोबर जिथे बसायचा तिथेच. मी सरळ झाले. आणखी एक पाऊल, आणखी एक. ती मला धरून होती की मी तिला, ते आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं. काठी मागे खुर्चीपाशीच पडून होती आणि विनी टेबलाटेबलाला विचारत होती, "काय वाढू?"

शेवटी आम्ही ग्लेनिसच्या टेबलाशी आलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नको, आई. पोट अगदी भरलंय माझं."

विनीनं मला वीतभर पुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर टाउन हॉलच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"बरं," ग्लेनिस नाक पुसत म्हणाली, "अगदी थोडंसं वाढ."

मित्रांनो, ते स्क्रू आता केलीच्या खणात पडले आहेत आणि माझ्या चाकाखाली लाकडाची पाचर आहे. दर शनिवारी विनी येते. ग्लेनिस तिला जिन्यापर्यंत सोडते आणि खाली थांबते. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, की जुन्या वस्तूवर आणि जुन्या माणसावर जीव असेल तर त्यांना शोभेला बसवू नका. थोडं काम सांगा. थोडं सांडेल, एखादा ग्लास फुटेल, फुटू द्या.

आज शुक्रवार आहे. विनी गेल्या वेळी जाताना पाचर सारून म्हणाली होती, "थांब हं, आलेच मी." मी थांबले आहे, पण चाकं काही ऐकत नाहीत.