लॉगबुकात नाही

दोन कंपन्यांचं लग्न लागलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. घराबाहेर कुणाला काढायचं, हे ठरवायला मात्र बोलावलं.

आमची कंपनी लहान, अकरा विमानांची. पलीकडची साठ विमानांची. तिने आम्हाला सरळसरळ विकत घेतलं आणि त्याला विलीनीकरण म्हणायचं, असं परिपत्रक काढलं. आमची अकराही विमानं सव्वीस-सत्तावीस वर्षांची. ती कधी मोडीत काढायची, सहा महिन्यांत की तीन वर्षांनी, यावर मत द्यायला दोन्हीकडच्या वैमानिकांची समिती नेमली. आमच्याकडून दोघे होतो, मी आणि भावोजी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं आम्ही एकाच कंपनीत, दोघेही कॅप्टन, आणि ताईचं लग्नही मीच जुळवलेलं.

माझं गणित आधीच सांगून टाकतो, कारण समितीत कुणीच आपलं गणित सांगितलं नाही. निवृत्ती साठाव्या वर्षी. मला सत्तावन्न पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. नव्या कंपनीचा नियम असा, की ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय त्याला नव्या विमानाचं प्रशिक्षण द्यायचं नाही. म्हणजे ही अकरा विमानं सहा महिन्यांत गेली, की त्यांच्याबरोबर मीही गेलो. मला विमान चालवण्यापलीकडे काही येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत मी घरात तीन भांडणं उकरून काढतो, असं बायको म्हणते आणि ते खरं आहे. भावोजींचे मात्र चारच महिने राहिले होते. विमानं राहोत नाहीतर जावोत, त्यांना सोयरसुतक नाही. ज्याचं काही जात नाही तो आपल्या माणसाच्या बाजूने बोलेल, असं मी धरून चाललो.

बैठक हँगरच्या वरच्या मजल्यावर होती. एसी गळत होता आणि खाली कुणीतरी बादली ठेवली होती. खिडकीतून आमचं सात नंबरचं विमान दिसत होतं, शेपटाकडची झाकणं उघडी टाकलेलं. टेबलाच्या टोकाला उड्डाण विभागाच्या प्रमुख बाई. समोर पलीकडच्यांचा पुढारी. त्याला आम्ही पट्टी म्हणायचो, कारण तो प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून रेघ मारत असे.

पट्टी चाळीस मिनिटं बोलला. जुना धातू, बारीक तडे, न मिळणारे सुटे भाग. प्रवाशांच्या जिवासाठी त्याचा जीव इतका तुटत होता की ऐकणाऱ्याला पाणी द्यावंसं वाटावं. कॅप्टनच्या एकत्र ज्येष्ठता यादीत तो स्वतः बेचाळिसावा लटकलेला होता, आणि आमचा एकेक म्हातारा घरी गेला की तो एकेक पायरी वर चढणार होता, हे तेवढं बोलायचं राहिलं. मीही काही कमी नव्हतो. मी अनुभव म्हणालो, परंपरा म्हणालो, दुर्गम धावपट्ट्या म्हणालो. सगळे खुर्चीबद्दल बोलत होते आणि खुर्ची हा शब्द कुणी उच्चारला नाही.

मग मी माझा एक्का टाकला. गेल्या वर्षभराची लॉगबुकं मागवली होती. वैमानिकाला विमानात काही बिघाड दिसला, की तो लॉगबुकात लिहायचा असतो. आमच्या सव्वीस वर्षांच्या विमानांत वर्षाला विमानामागे एकतीस नोंदी. त्यांच्या आठ वर्षांच्या विमानांत एकशे अठरा.

"मी काही बोलत नाही," मी म्हणालो. "कागद काय बोलतोय ते बघा."

पट्टीच्या हातातली पट्टी थांबली. बाईंनी आकडे टिपून घेतले.

आता यातली मेख. पलीकडचे लोक सगळं लिहायचे, सीटचा ट्रे हलतो इथपर्यंत. आमच्याकडे लिहिण्याची पद्धतच नव्हती. बाहेरगावी लॉगबुकात बिघाड लिहिला, की इंजिनिअरने सही केल्याशिवाय विमान हलत नाही, आणि आमच्या लहान कंपनीचा इंजिनिअर बाहेरगावी कुठून असणार? प्रवासी बाकांवर अडकायचे आणि दुसऱ्या दिवशी मालक आपल्याला बोलवायचे. म्हणून आम्ही बिघाड चिठ्ठीवर लिहायचो. घरी उतरलो की ती मुख्य मेकॅनिकच्या खिशात. त्याला सगळे मामा म्हणत. मामा रातोरात दुरुस्ती करायचा आणि चिठ्ठी फाडून टाकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लॉगबुकात लिहिणारा माणूस आमच्यात घरची भांडणं चव्हाट्यावर नेणारा ठरायचा. ही लबाडी आहे असं मला तीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. मामा दुरुस्ती खरीच करायचा.

"हे आकडे खरे नाहीत," भावोजी म्हणाले.

मला वाटलं, ते पलीकडच्यांच्या आकड्यांबद्दल बोलताहेत.

"आमचे आकडे खरे नाहीत," ते पुन्हा म्हणाले, आणि चिठ्ठ्यांची सगळी पद्धत त्यांनी शांतपणे सांगितली. मग खिडकीकडे बोट केलं. "हेच सात नंबर. गेल्या महिन्यात माझ्या या मेहुण्यांचा को-पायलट आजारी पडला म्हणून मी उजवीकडे बसलो होतो. केबिनमधली हवा बाहेर सोडणारा मागचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. आतली हवा विरळ व्हायला लागली. लहान मुलं कान धरून रडत होती. आम्ही विमान खाली आणलं, व्हॉल्व्ह हाताने चालवत घरी आलो. लॉगबुकात काही लिहिलं नाही. मी लिहा म्हणालो होतो, पण मग गप्प बसलो. तो व्हॉल्व्ह त्याआधीही दोनदा अडकलाय. मामाने साफ केलाय, पण त्याचा नवा भाग आता कुठे मिळतच नाही. ही विमानं सहा महिनेसुद्धा ठेवू नयेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कमांड तुमची होती?"

"हो."

"असं झालं होतं?"

खोलीत एसीचं पाणी बादलीत पडत होतं. मी भावोजींकडे पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी मुलं नव्हती की व्हॉल्व्ह नव्हता. मला माझं घर दिसलं, सकाळचे अकरा, आणि मी खिडकीशी उभा.

"विमान खाली आणलं होतं," मी म्हणालो. "पुढे हवा खराब होती. कंट्रोलला तसं कळवलंय, त्याची नोंद असेल. व्हॉल्व्हचं मला काही आठवत नाही. लॉगबुकात आहे का?"

लॉगबुकात नव्हतंच. खराब हवेची थाप कंट्रोलला मीच मारली होती, आणि तीच आता माझ्या कामी आली. मामाला वर बोलावलं. तो हात पुसत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चिठ्ठी? कसली चिठ्ठी, मॅडम?" त्यालाही नोकरी होती.

भावोजींना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त समोरचे कागद सरळ केले. "मग माझं एकट्याचं लिहून घ्या," ते बाईंना म्हणाले. "बिघाड दिसला आणि मी तो लपवला. तीस वर्षं लपवले."

तेवढंच लिहून घेतलं गेलं. त्यांचं लायसन्स चौकशी होईपर्यंत काढून घेतलं. चौकशी चार महिने चालली आणि चार महिन्यांनी त्यांची निवृत्ती आली. निवृत्तीचं पत्र टपालाने घरी आलं. शेवटच्या उड्डाणाला घरच्यांना बरोबर न्यायची आमच्याकडे पद्धत. ताईने ती शिकवते त्या शाळेतून त्या दिवसाची रजा कधीच काढून ठेवली होती, ती तिला रद्द करावी लागली.

विमानं तीन वर्षं ठेवायचं ठरलं. मी जिंकलो. पुढच्या महिन्यात कळलं, की नव्या विमानांची ऑर्डरच लांबली होती आणि पहिलं विमान यायला तीन वर्षं लागणार होती. कंपनीला आमची अकरा विमानं ठेवावीच लागणार होती. समिती नुसती दाखवायला. सुंठीवाचून खोकला जाणार होता आणि मी उगाच घरच्या माणसाचा बळी दिला. हे कळलं त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसून राहिलो. नंतर मी भावोजींवरच चिडलो. कुणी विचारलं होतं यांना? चार महिने तोंड मिटून बसले असते तर काय बिघडलं असतं?

तरीही मी उडत होतो. परवा सात नंबर माझ्याकडे होतं. उजवीकडे पलीकडच्या कंपनीतून आलेली नवी मुलगी, अजून प्रोबेशनवर. बाहेरगावी उतरताना व्हॉल्व्ह अडकला. खाली जमिनीवर आम्ही तो हाताने उघड-बंद करत बसलो. दीड तासाने हलायला लागला. मुलीने पेन काढलं आणि लॉगबुक मांडीवर घेतलं.

"घरी गेल्यावर सांगू," मी म्हणालो.

"सर, आमच्याकडे लिहितात."

"लिहितात म्हणून तुमची विमानं जमिनीवर असतात. इथे कोण येणार सही करायला?"

तिच्या प्रोबेशनच्या कागदावर माझीच सही व्हायची होती आणि ते तिलाही ठाऊक होतं. तिने पेन खिशात ठेवलं. दीड तास उशिराचं कारण मी लिहिलं: प्रवासी उशिरा आले. मग आम्ही निघालो आणि नीट पोहोचलो. तसे आम्ही नेहमीच पोहोचतो.

आज दुपारी ताई आली. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच. बायको चहा टाकायला वळली, तर ताई म्हणाली, "नको गं, मी बसायला आले नाही." ती पर्स हातात धरून दाराशीच उभी राहिली. साठीला टेकलेली माझी बहीण, पण मला लहानपणी रागवायची तशीच उभी.

"ताई, भावोजी कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. सकाळी उठले की फोनवर तुझं विमान शोधतात. कुठलं आहे, कधी सुटलं, कुठवर आलं. त्या फोनमध्ये सगळी विमानं दिसतात म्हणे. तुझं उतरलं की मग जेवायला बसतात."

मी म्हणालो, "त्यांना सांग, असलं काही करू नका म्हणावं."

"मी सांगून बघितलं. म्हणाले, ते विमान मला माहीत आहे, त्याला एकट्याला सोडलंय मी त्यात." ताईने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "परवा तुझं विमान तिकडे दीड तास उभं होतं. सात नंबरच होतं ना? चार वाजेपर्यंत जेवले नाहीत. काल दिवसभर माझ्या मागे लागले होते, जा आणि त्याला विचारून ये. मी म्हटलं, मी जाणार नाही त्याच्या दारात. शेवटी मीच आले. परवा उशीर कशाने झाला?"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. ताई मला काही सुनवायला आली नव्हती. तिला एक उत्तर हवं होतं, घरी नेऊन नवऱ्याला द्यायला. खरं सांगितलं असतं तर ते त्या दोघांच्या पलीकडे कुठे गेलंही नसतं.

"प्रवासी उशिरा आले," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "तसंच सांगते त्यांना."