अकरा निकाह

माझा निकाह एका शुक्रवारी दुपारी तुटला. मी तेव्हा खिडकीत बसून लसूण सोलत होते. छत्तीस वर्षांचा संसार, चार पोरं, सात नातवंडं, आणि तो मोडल्याची बातमी मला मशिदीच्या भोंग्यावरून कळली. नवऱ्यानं नाही सांगितली. तो तिथं पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

आमचा रस्ता चढाचा आहे आणि त्याच्यावर दोन मशिदी आहेत, एक वरची, एक खालची. दोन्हींत अल्ला एकच, किताब एकच, पैगंबर एकच, नमाजला तोंडही एकाच दिशेला. फरक एवढाच, की इमामाची अल्हम्द, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, म्हणून झाली की खालचे लोक आमीन मोठ्यानं म्हणतात आणि आम्ही वरचे ओठांतल्या ओठांत. झालं. एवढ्यावरून दोन मशिदींमध्ये पन्नास वर्षं विस्तव जात नाही. अल्लाला काय ऐकू कमी येतं, की जास्त येतं, याचा निकाल हे लोक लावणार. कपाळ माझं.

मी पुढच्या खोलीत लहान पोरांना शिकवते, म्हणून रस्त्यावरचे सगळे मला आपा म्हणतात. माझ्याकडे पोर आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला हाताची पाच बोटं उघडायला लावते. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. हा पाया. नाक ओढणारं सहा वर्षांचं पोरसुद्धा चार दिवसांत हे धडाधड म्हणायला लागतं. मग ते मोठं होतं, त्याला दाढी येते, ते मशिदीत जातं, आणि पाचाचं पंचवीस करून आणतं. पायजमा किती वर, हात छातीवर की पोटावर, आमीन आत की बाहेर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमचे हे घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानाचा अर्धा भाग चष्मेवाल्याचा. एकच शटर, एकच दिवा, एका बाजूला डोळ्याला भिंग लावून हे, दुसऱ्या बाजूला काचा घासत तो. तो खालच्या मशिदीचा, हे वरच्या. तीस वर्षं दोघं एकाच डब्यातून जेवले. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा त्यानंच केलेला आहे. दर दोन वर्षांनी तो मला समोर बसवायचा, पाटीवरची अक्षरं वाचायला लावायचा आणि म्हणायचा, आपा, तुमची नजर कमी झाली पण जीभ आहे तशीच आहे. गुरुवारी तो गेला. सकाळी काच घासता घासता मान टेकली, एवढंच.

त्याचा जनाजा खालच्या मशिदीतून निघाला. जनाज्याची नमाज खालच्या इमामांनी पढवली, दुसरं कोण पढवणार? आमच्या मशिदीतले अकरा जण तिथं गेले. कुणी शेजारी म्हणून, कुणी त्यानं डोळे तपासले होते म्हणून. आमचे हे पहिल्या रांगेत उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले. ते रडतात हे मला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वरच्या मशिदीत नमाज पढवणाऱ्या आमच्या पेशइमामांनी अकलेचे तारे तोडले. खालच्या इमामाच्या मागं नमाजला उभं राहिलं की ईमान जातं, आणि ईमान गेलं की निकाहही जातो, असं त्यांनी भोंग्यावरून जाहीर केलं. अकराच्या अकरा नावं वाचली. इतवारी दुपारी सगळ्यांनी मदरशाच्या खोलीत यायचं, त्या नमाजची सगळ्यांसमोर तौबा करायची, नव्यानं कलमा पढायचा आणि आपापल्या बायकांशी पुन्हा निकाह लावायचा. तोवर घरात जायचं नाही.

आता एवढे अकरा बाप्ये, त्यांतला एक तरी उठून म्हणेल ना, की महाराज, डोकं ठिकाणावर आहे का? छे. सगळे मूग गिळून बसले.

संध्याकाळी आमचे हे दारात आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. बूट काढले नाहीत. म्हणाले, दोन रात्री दुकानात झोपतो, तेवढ्या माझ्या गोळ्या दे. मी डोक्यावरची ओढणी पुढं ओढली, तोंड झाकलं आणि दार लोटलं. गोळ्या खिडकीच्या गजांतून दिल्या. म्हटलं, परपुरुष ना तुम्ही आता, समोर कशी येऊ? ते बिचारे गोळ्या घेऊन तसेच उभे राहिले. मला हसूही येत होतं आणि संतापही. दोन रात्री जेवण पाठवलं नाही. जेवू दे म्हटलं पेशइमामाकडं.

हसून सोडून दिलं असतं मी हे. एकदा काय, दहादा कबूल म्हणून टाकलं असतं, माझ्या बापाचं काय जातंय? पण शनिवारी मी चष्मेवाल्याच्या बायकोकडं गेले. ती आतल्या खोलीत एकटी बसली होती. तिच्यापर्यंत सगळं पोचलेलं होतं, भोंगा काय फक्त वरच्यांनाच ऐकू येतो? तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "आपा, भाऊजींनी यांच्यासाठी जी दुवा मागितली, ती उद्या परत घेणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. मला. या जिभेला.

घरी येताना सगळा रस्ता मी तेच मनात घोळवत आले. तौबा म्हणजे दुसरं काय? त्या नमाजची तौबा करायची म्हणजे म्हणायचं, की ती नमाज पाप होती, तो माणूस मुसलमान नव्हता, त्याच्यासाठी रडलो ते चुकलं. तीस वर्षं एका डब्यातून जेवलेला दोस्त, आणि त्याची माती ओली आहे तोवर हे तोंडानं म्हणायचं. आणि का, तर बायकोच्या घरात शिरता यावं म्हणून. असला नवरा मला नको होता. खरंच सांगते, त्या रात्री मी ठरवलं, यांनी तौबा म्हटली तर मी कबूल म्हणायचं नाही. मग उरलेलं आयुष्य एकटीनं काढावं लागलं तरी चालेल.

इतवारी मदरशाच्या खोलीत मधे पडदा लावला होता. पलीकडं अकरा नवरे, अलीकडं अकरा नवऱ्या. काय त्या नवऱ्या! सगळ्यांत लहान ती चाळिशीची. सगळ्यांत मोठी बहात्तर वर्षांची, तोंडात एक दात नाही, गुडघे धरून बसलेली, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, की नवरा तोच आहे ना गं, की बदलून देणारेत? पेशइमामांची बायको आमच्यात बसून सगळ्यांना पाणी देत होती. गरीब बाई, वर मान करून बोलायची नाही.

बायका दुपारपासून ताटकळल्या होत्या, कुरकूर वाढायला लागली. तेव्हा पेशइमामांनी ठरवलं, आधी बायकांची कबुली घेऊ आणि त्यांना घरी पाठवू, पुरुषांची तौबा नंतर. दोन साक्षीदार घेऊन ते पडद्याच्या कडेला आले. पहिलं नाव माझं, कारण आमचे हे पहिल्या रांगेतले, म्हणजे गुन्हा सगळ्यांत मोठा. त्यांनी खाकरून विचारलं, अमुक घड्याळजीशी निकाह कबूल आहे का?

मी म्हटलं, "आधीचा मोडला होता का, ते सांगा."

ते म्हणाले, बाई, ते शुक्रवारी सांगून झालंय. मी म्हटलं, मग हिशेब नीट करा. आमच्या दुकानात संध्याकाळी गिऱ्हाईक असतं, दुकान सोडून मशिदीत जाता येत नाही. म्हणून मगरीबची नमाज हे दोघं दुकानातच मागच्या बाजूला पढायचे, एका चटईवर. एक दिवस हे इमाम म्हणून पुढं उभे राहायचे, एक दिवस तो. म्हणजे माझा निकाह तीस वर्षं दर एक दिवसाआड सूर्य मावळला की तुटत होता. माझी धाकटी दोन पोरं कुठल्या खात्यात टाकायची, ते लिहून द्या.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी फिसकन हसलं. पेशइमामांचा आवाज चढला. म्हणाले, ही चेष्टेची जागा नाही.

"चेष्टा नाही," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी तुम्ही हजला जाऊन आलात. आल्यावर याच खोलीत आम्हाला एक तास सांगितलंत. डावीकडं कुठल्या देशाचा माणूस होता माहीत नाही, उजवीकडं कुठल्या माहीत नाही, पायाला पाय लागलेले, आणि अल्हम्द संपल्यावर हजारो तोंडांतून एकदम मोठ्यानं आमीन उठलं, तेव्हा अंगावर काटा आला, असं म्हणालात. रडलात तुम्ही. आम्हीही रडलो. तिथले इमाम आमीन मोठ्यानं म्हणणारेच होते ना? त्यांच्या मागंच उभे होतात ना? मग परत आल्यावर तुम्ही निकाह लावलात का पुन्हा?"

आणि मग माझ्या शेजारून, हातात पाण्याचा तांब्या धरलेली पेशइमामांची बायको, जिचा आवाज आम्ही वर्षानुवर्षं ऐकला नव्हता, ती हळूच म्हणाली, "मला तर कुणी विचारलं नाही, बाई."

बहात्तर वर्षांची नवरी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाठ चोळावी लागली.

पेशइमाम म्हणाले, तिथली गोष्ट वेगळी. मी विचारलं, तिथला अल्ला वेगळा आहे का? मी पडद्याच्या कडेतून माझा हात बाहेर काढला, पाची बोटं उघडी करून. म्हटलं, माझ्याकडची पोरं हे म्हणतात. चष्मेवाल्यानं यातलं कुठलं बोट मोडलं होतं, ते दाखवा, मी आत्ता कबूल म्हणते. पेशइमाम माझ्या हाताकडं बघत राहिले असणार, मला दिसत नव्हतं. एक साक्षीदार मात्र म्हणाला, आपांनी मलाही असंच शिकवलं होतं. त्यांनी त्याला गप्प केलं.

आता मला ज्याची भीती होती ते विचारायचं राहिलं होतं. मी पडद्यापलीकडं बघून म्हटलं, "अहो, तुम्हाला त्या नमाजची तौबा करायचीय का? करायची असेल तर करा. पण मग माझा निकाह खरंच मोडला असं समजा. मी पुन्हा कबूल म्हणणार नाही."

हे लगेच बोलले नाहीत. कधीच लगेच बोलत नाहीत. घड्याळाचा स्क्रूसुद्धा तीनदा बघून फिरवतात. मनात म्हटलं, गेला हा माणूस, घातलं यानं शेपूट.

"आमचं ठरलं होतं," ते म्हणाले. "जो मागं राहील त्यानं दुसऱ्याच्या जनाज्यात पहिल्या रांगेत उभं राहायचं. मी उभा राहिलो. त्याची तौबा नाही करणार मी." आणि जरा थांबून, "चल, घरी जाऊ."

मी उठले. माझ्यामागं ती बहात्तर वर्षांची उठली, म्हणाली, मला धरा गं कुणीतरी, जुनाच नवरा बरा आहे.

फार मोठं काही झालं असं समजू नका. अकरातल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं जाऊन गुपचूप निकाह लावलाच. पालथ्या घड्यावर पाणी. आणि खालचे इमाम? ते तर त्याहून शहाणे. त्यांनी त्यांच्या भोंग्यावरून सांगितलं, की वरचे लोक हरले, मोठ्यानं आमीन म्हणणाऱ्यांचं खरं ठरलं. म्हणजे मेलेल्या माणसाच्या जनाज्यावर यांनीही आपलं दुकान थाटलं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

आमच्या ह्यांनी घरी आल्यावर बूट काढले, जेवले आणि दुकानात जाऊन चष्मेवाल्याची काचा घासायची पाटी पुसून ठेवली. दोन माणसांची ती चटई मात्र त्यांनी गुंडाळली नाही. मगरीबला तिच्या एका कडेला उभे राहतात, दुसरी कडा रिकामी ठेवून.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा खिडकीत बसले होते. भोंगा चालू होता. पेशइमामांनी नमाज सुरू केली, अल्हम्द म्हटली, ती संपली. आमच्या मशिदीत या जागी नेहमी शांतता असते. त्या शांततेत एक आमीन आलं, मोठ्यानं, खरखरीत, पहिल्या रांगेतून, माइकच्या जवळून. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. या माणसानं जन्मात आमीन मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्या दुकानात ते मोठ्यानं म्हणायचा तो दुसरा, चष्मेवाला.

पेशइमाम थांबले. इतके थांबले की मला वाटलं, आता नमाज मोडून मागं वळतात आणि पुन्हा माझा निकाह जातो. पण ते वळले नाहीत. त्यांनी पुढची सूरत सुरू केली, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

नमाजच्या दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या रकातीत, अल्हम्द संपली तेव्हा आमीन एकाचं नव्हतं. किती जणांचं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी रडत होते. आणि त्या दिवशी माझ्या हातात कांदासुद्धा नव्हता.