विरघळणारा हिरा

कापडदुकानाच्या वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर रत्नदर्शी स्वामी चिमट्यात बिनरंगी खडा धरून उभे होते.

"हा यहालोम!" ते गरजले. "प्राचीन हिब्रू ग्रंथातल्या महायाजकाच्या छातीवरच्या ऊरपटातला हिरा! हा दुखणं शोषतो आणि दुखण्यासकट विरघळतो!"

त्यांनी खडा प्याल्यात सोडला. तो बुडाला आणि दिसेनासा झाला. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. स्वामींनी त्यातलं चमचाभर पाणी पहिल्या रांगेतल्या दादाच्या तोंडात घातलं नि बजावलं, "इन्सुलिन बंद म्हणजे बंद! श्रद्धा डगमगली की रत्न रुसतं."

रत्न रुसतं म्हणे! मागे उभ्या असलेल्या पैलूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हिऱ्यांना पैलू पाडण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, एकही हिरा तिच्यावर रुसला नव्हता. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. स्वामींच्या सांगण्यावरून चार दिवस त्याने इन्सुलिनला हात लावला नव्हता आणि सारखी तहान तहान करत होता.

ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. "पाणी कसं लागलं रे?"

"गोड. जरा दाट."

ग्लिसरीन! कारखान्यात खड्यातली भेग तपासायला ती रोज खडे त्यातच बुडवायची. ती तरातरा स्वामींपुढे जाऊन उभी राहिली.

"यहालोम म्हणजे हिरा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ग्रंथाने!"

"ग्रंथ मीही वाचलाय. त्या ऊरपटावरच्या प्रत्येक रत्नावर नाव कोरलेलं होतं. हिऱ्यावर कोरायचं तर आम्हाला आजही घाम फुटतो. तेव्हा कशाने कोरलं, नखाने? भाषांतरात कुणी हिरा लिहिलंय, कुणी पाचू, कुणी चंद्रकांत मणी. नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही, आणि जाणकार तसं कबूल करतात. तुम्हीच तेवढे सर्वज्ञ!"

"पाखंडी बाई!"

तिने बोटातली अंगठी काढून प्याल्यात टाकली. "हा खरा हिरा. दिसतोय ना सगळ्यांना?" मग चिमट्याने तळ चाचपडून तिने स्वामींचा खडा वर काढला. "आणि हा यांचा विरघळलेला! ही प्रयोगशाळेच्या नळ्यांची काच. ती आणि ग्लिसरीन, दोन्हींतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून काच आत दिसत नाही. हिरा असा लपत नाही."

स्वामींना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. मागच्या जिन्याने ते पसार झाले.

"पण माझं डोकं थांबलं होतं हो दुखायचं," एक बाई रडवेली होऊन म्हणाली.

"थांबलं असेल. डोकेदुखी आपोआपही थांबते. माझ्या दादाची साखर अशी थांबणार नाही." पैलूताईने सगळ्यांकडे वळून पाहिलं. "उद्या दुसरा कुणी येईल, दुसरा अवघड शब्द घेऊन. त्याला एवढंच विचारा, तुला हे कशावरून कळलं? आणि तो काहीही बोलला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

"मला खरंच बरं वाटत होतं गं," दादा पुटपुटला. तिने त्याला आधार देऊन उठवलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी साखर मोजली आणि त्याला तिथेच दाखल करून घेतलं. "आणखी एक दिवस थांबला असतात," त्या म्हणाल्या, "तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं."