रिझल्ट लागला होता

दिग्रसच्या एका मुलीने नर्सिंगचं पहिलं वर्ष पास झाल्याचे पेढे वाटले, आणि रूपसिंग राठोडच्या मनात पाल चुकचुकली. ती मुलगी त्याच्या उज्ज्वलाच्याच वर्गातली. आणि उज्ज्वला तर यवतमाळहून फोनवर म्हणाली होती, रिझल्ट अजून लागलाच नाही.

मग फुलचंद भेटला. रूपसिंगच्याच तांड्यातला, पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. तुमची पोरगी संध्याकाळी तिकडं एका बंगल्यात जाताना दिसते, असं तो सहज सांगून गेला. सहज की मुद्दाम, हेही रूपसिंगला कळेना. कॉलेज आणि होस्टेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग लोहाऱ्यात पोरीचं काय काम?

त्याची बायको जमनी म्हणाली, एवढं मनात आहे तर तिलेच फोन करून विचारा. रूपसिंगला ते पटलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करतं. सरकीचा भाव पाहून येतो म्हणून तो दिग्रसला गेला आणि तिथून यवतमाळच्या एसटीत बसला.

होस्टेलसमोरच्या पानठेल्याआड तो उभा राहिला. थोड्या वेळाने पानठेलेवाला म्हणाला, काका, इथं पोरी राहतात, पुढं व्हा. मी एका पोरीचा बाप आहे, हे रूपसिंगच्या ओठावर आलं होतं. पण बाप असा लपून कायले उभा राहील? तो दोन दुकानं पुढे सरकला.

ऊन उतरल्यावर उज्ज्वला बाहेर आली. युनिफॉर्म नव्हता. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि ऑटोत बसली. रूपसिंगने मागचा ऑटो धरला.

लोहाऱ्यात ती एका बैठ्या घराच्या फाटकातून आत गेली. दार एका तरुणाने उघडलं. रूपसिंग फाटकाकडे धावला. पण तो आत शिरायच्या आधीच तो तरुण डबा घेऊन बाहेर आला, मोटरसायकलला किक मारली आणि कारखान्यांच्या दिशेने गेला. आता रूपसिंगला काहीच जुळवता येईना. तो फाटक लोटून पायरीवर चढला.

जाळीच्या दाराआडून एका वयस्क बाईने विचारलं, "कोण पाहिजे?"

त्याने मुलीचं नाव सांगितलं. बाईने त्याच्या पटक्याकडे आणि धुळीच्या पायांकडे पाहिलं आणि आतून कडी लावली. त्या नजरेची त्याला लहानपणापासून ओळख होती. तेवढ्यात आतून उज्ज्वलाचा आवाज आला. ती इंग्रजीतला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. रूपसिंगने तिला हाक मारली. आवाज थांबला.

"शोभाताई, माहे बा आहेत," आतून उज्ज्वला म्हणाली, आणि बाईंनी कडी काढली.

आतल्या खोलीत शोभाताईंचे यजमान नीळकंठराव पलंगावर पडले होते, अर्धं अंग लुळं. सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या ड्युटीवर असताना उज्ज्वलाने त्यांना सांभाळलं होतं. ओळख तिथली. दार उघडणारा तो तरुण त्यांचा मुलगा सलील, दुसऱ्या पाळीला कारखान्यात जायचा. शोभाताई जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवत आल्या होत्या आणि आता संध्याकाळी उज्ज्वलाचा अभ्यास घेत होत्या.

"रिझल्ट लागला होता, बा," उज्ज्वला म्हणाली. "दोन विषय गेले."

"खोटं काहून बोलली?"

"तुम्ही साऱ्या तांड्याले सांगून ठेवलं होतं, पोरगी नर्स होऊन राह्यली म्हणून. कळते मले सगळं. लिहितानी इंग्रजी आडवी येते."

"तुह्या याडीले माहीत आहे?"

उज्ज्वला पलंगावरची चादर सारखी करू लागली. म्हणजे जमनीला माहीत होतं. फोन करून विचारा म्हणाली ती त्यासाठीच. रूपसिंगला नापास होण्याहून हेच जास्त लागलं.

शोभाताई हळूच म्हणाल्या, "आम्हाला म्हणाली, घरी सगळं सांगितलंय." आणि मघाशी जाळीतून पाहिलं तशाच नजरेने त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं.

रूपसिंगचा संशय अजून फिटला नव्हता. त्याने पोरीला बाजूला घेतलं. "ही बाई खरंच शिकवते का म्हातारा सांभाळायले ठेवलं तुले?"

"दोन्ही," ती म्हणाली.

"मंग मी बसतो. शिकवू दे."

तो भिंतीला टेकून बसला. उज्ज्वलाने नीळकंठरावांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, लघवीची पिशवी रिकामी केली. हात धुऊन आल्यावर शोभाताईंनी विचारलं, ही लघवी शरीरात तयार कुठे होते, कशी होते. मराठीत ती न अडखळता बोलली. इंग्रजीत सुरू केलं आणि एका शब्दाशी अडली. शोभाताईंनी तो तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला, मग पुन्हा. ओरडल्या नाहीत, सोडलंही नाही. रूपसिंगला भाषा कळत नव्हती, पण अडण्याची जागा दर वेळी पुढे सरकते आहे, एवढं कळत होतं.

घरी गेल्यावर जमनीशी तो कित्येक दिवस तुटक बोलला. ती म्हणाली, पोरगी तुम्हाले भेते, मले नाही, म्हणून मले सांगतलं.

फेरपरीक्षेत एक विषय निघाला, एक राहिला. तांड्यात लोक बसले होते तिथे रूपसिंगने स्वतःच सांगून टाकलं. फुलचंदने विचारलं, आता?

"आता पोरगी पुन्हा बसन परीक्षेले."

दर रविवारी तो उज्ज्वलाला फोन करतो, अभ्यास कसा चालला विचारतो. तो ठेवला की लगेच शोभाताईंना लावतो आणि तेच विचारतो. उज्ज्वलाला हे माहीत आहे. शोभाताई सांगतात, या आठवड्यात दोनदा चुकली, एकदा दांडी मारली. तिनेही तेच सांगितलेलं असतं.