सात सेंटिमीटरची साक्ष

माझ्या अंगावरचे पहिले तीन आकडे पुसट झाले आहेत आणि एक कोपरा टवका उडून बोथट झाला आहे. तरीही मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगायला मी केव्हाची उतावीळ झाले आहे! मी एका वकीलबाईंची लाकडी फूटपट्टी. फूटपट्टीच्या आयुष्यात असे काय मोठे घडणार, असे वाटते ना? मग ऐकाच.

कारखान्यात तापलेल्या साच्याने माझ्या अंगावर रेघा उठवल्या. चटका बसला, पण तीस सेंटिमीटरचा रुबाब आला! दुकानातून मला एका आईने आपल्या मुलीसाठी घेतले. ती मुलगी वाचताना ओळी चुकायची. आई म्हणाली, "ही ओळीखाली धर आणि सावकाश वाच. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

ती मुलगी वकील झाली, पण मला तिने सोडले नाही. ऑफिसात सगळे चिडवायचे, "काय वकीलबाई, कपडे शिवायला घेतलेत की काय?" ती हसायची आणि पुढची ओळ वाचायची. तिचा पहिला स्वतंत्र दावा ती हरली. करारातली एक अट तिच्या नजरेतून निसटली होती. आता सांगू नये, पण तो करार वाचायच्या दिवशी घाईघाईत ती मला टेबलावरच विसरली होती!

तिचे काम व्यापारातल्या भांडणांचे. कंपन्यांनी एकमेकींशी खुशाल चुरस करावी, पण आतून हातमिळवणी करून तिसऱ्याचा गळा आवळू नये, असा कायदा आहे. अशा दाव्यांत तिचा जीव रमायचा.

एके दिवशी चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एक मावशी आल्या. चाके बनवणाऱ्या तीन कंपन्यांनी त्यांना माल देणे एकाच आठवड्यात बंद केले होते. त्या कंपन्यांना स्वतःच दुरुस्तीची दुकाने काढायची होती.

"माझ्याकडे एकोणीस खुर्च्या चाकांविना पडल्यात," मावशी म्हणाल्या. "ती माणसं घरात अडकलीत हो. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

पुरावा म्हणून फक्त तीन नकाराची पत्रे होती. वकीलबाईंनी मला पहिल्या ओळीखाली धरले. "आम्ही," मग कंपनीचे नाव, मग "आपणांस कळवू इच्छितो." एका पत्रात नावानंतर उगाच मोठी मोकळी जागा होती. दुसऱ्यात थोडी कमी. तिसऱ्यात नाव लांबलचक, म्हणून जागा जवळजवळ नव्हतीच. त्यांनी मला आडवे ठेवून मोजले. पुन्हा मोजले. मग खुर्ची मागे ढकलून त्या उभ्याच राहिल्या! मला तर रेघारेघांतून मुंग्या आल्या.

सुनावणीच्या दिवशी पहिल्या कंपनीचे विक्री अधिकारी साक्षीला उभे होते. "आमचा निर्णय आमचाच," ते ठासून म्हणाले. "बाकीच्यांशी आमचं बोलणंसुद्धा नाही."

वकीलबाईंनी न्यायमूर्तींची परवानगी घेतली आणि मला त्या अधिकाऱ्यांच्या हातात दिले. "साहेब, तुम्हीच मोजा. 'आम्ही' संपतो तिथपासून 'आपणांस' सुरू होतो तिथपर्यंत."

"सात सेंटिमीटर."

"आता दुसरं पत्र."

"सात."

"आणि तिसरं?"

त्यांनी मला पुन्हा पुन्हा सरकवून पाहिले. मी त्यांच्याच हातात होते ना, मला सगळे कळत होते! "सात," ते पुटपुटले.

"तीन कंपन्या, तीन नावं, आणि नावासाठी सोडलेली जागा मात्र एकाच मापाची. ही पत्रं एकाच नमुन्यात नावं भरून केलीत ना, साहेब?"

त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायमूर्तींनी ती फेटाळली, मला मागवून घेतले आणि तिन्ही पत्रे स्वतः मोजली. शेवटी अधिकारी म्हणाले, "नमुना बैठकीत मिळाला. तिघंही होतो आम्ही."

आम्ही जिंकलो! चाके आली. एकोणीस खुर्च्या दारांतून बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या एका खुर्चीतल्या आजोबांनी वकीलबाईंच्या ऑफिसात येऊन टेबलांमधून अशी गिरकी घेतली की कचऱ्याचा डबा आडवा झाला.

पुढे कागद गेले, संगणकाचे पडदे आले. मी पेनांच्या डब्यात पडून राहिले. कुणी माझ्या टोकाने पाठ खाजवली, कुणी चहा ढवळला. एका वकिलाने तर रंगाचा डबा उघडायला मला झाकणाखाली घातले आणि मी कडकन तडकले. वकीलबाई धावत आल्या.

"अहो, काय करताय? न्यायमूर्तींनी हातात घेतलेली वस्तू आहे ही!"

त्यांनी सरस लावला, दोरा गुंडाळला आणि पुस्तकांच्या दाबाखाली मला दोन दिवस ठेवले. दुखले, पण सांधले.

मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीची तलवार करू नका. तिला तडा गेला तर फेकण्याआधी एकदा सरस लावून बघा. आणि वाचताना ओळी पळू लागल्या तर लाजू नका, तिला ओळीखाली धरा.

बरे, आता मी निघते. सिमेंटच्या पाच कंपन्यांच्या जुन्या कागदपत्रांचे खोके आत्ताच आले आहे, वकीलबाई बाह्या सरसावत आहेत, आणि पहिल्याच पानावर मला काहीतरी वाकडे दिसते आहे!